वरचे दूध

'मी काही बोळ्याने दूध पीत नाही' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बोळाही नसतो आणि दूधही नसते. आपण भोळे नाही, आपल्याला सहज फसवता येणार नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. वाक्प्रचारांचे असे होतेच. वापरून वापरून त्यांतली वस्तू झिजते आणि अर्थ तेवढा शिल्लक राहतो. गेल्या वर्षी मात्र हा बोळा माझ्या घरात पुन्हा वस्तुरूपाने अवतरला, आणि ज्याने कुणी हा वाक्प्रचार घडवला त्याने तान्ह्या मुलाकडे कधी नीट पाहिले होते काय, अशी शंका मला येऊ लागली. दुधात भिजवलेला मऊ कापडाचा बोळा ओठांशी नेला की मूल तो निमूट चोखते, ही त्यामागची समजूत. माझ्या साडेचार महिन्यांच्या नातीने तो तोंडात घेतला, जिभेने दोनदा चाचपला आणि शांतपणे बाहेर ढकलला. तिला न फसण्यासाठी मोठे व्हावे लागले नाही.

माझी मुलगी वडोदऱ्यातील एका बँकेत अधिकारी आहे. २०१७ साली झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीने आपल्याकडे नोकरदार स्त्रीची बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या २६ आठवड्यांतले काही प्रसूतीच्या आधीच खर्ची पडतात. मुलीचा रक्तदाब शेवटच्या दोन महिन्यांत चढता राहिला, म्हणून डॉक्टरांनी तिला सात आठवडे आधी घरी बसवले. उरले १९. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कायद्याचा हिशेब आणि बाळाचा हिशेब यांच्यामध्ये अशी सात आठवड्यांची फट पडली. त्या फटीत दिवसभर घरी असणारा माणूस मी एकटा होतो. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. जावई दहेजच्या एका कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी येतात. 'दूध मी काढून ठेवीन, बाबा. पाजायचं मात्र तुम्ही,' असे मुलीने एके सकाळी सांगितले तेव्हा ती सूचना होती की आज्ञा, हे मी तपासत बसलो नाही.

तपासत बसलो ते क्रियापद. जन्मभराची सवय जात नाही. 'पाजणे' हे 'पिणे'चे प्रयोजक रूप आणि मराठीत ते प्रामुख्याने आईचे क्रियापद आहे. त्याचा कर्ता पुरुष झाला की कर्म पालटते. पुरुष गुरांना पाणी पाजतो, मित्रांना दारू पाजतो, शत्रूलाही पाणी पाजतो. 'त्याने बाळाला दूध पाजले' हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य मला मराठी गद्यात क्वचितच भेटले असेल. एक अपवाद सर्वांच्या ध्यानात येईल, तो नामदेवांच्या बालपणीच्या कथेचा. नैवेद्याचे दूध घेऊन पोर विठ्ठलापुढे बसते, देव पीत नाही, आणि पोर डोके आपटून घ्यायला निघते. या कथेकडे आपण भक्तीची कथा म्हणून पाहतो; गतवर्षी मला ती न पिणाऱ्याची कथा वाटू लागली. तेथे पाजणारा लहान आणि ओठ मिटून उभा असलेला थोर, एवढाच फरक. विनवणी आणि हताशा अगदी ओळखीची होती.

आमचे घर दांडिया बाजारात. वडोदऱ्याच्या मराठी माणसांची ही जुनी वस्ती. पण शेजार आता बहुतांशी गुजराती आहे. शेजारच्या बेन रोज चौकशी करीत, 'बेबी धावे छे ने?' मराठी कानाला क्षणभर वाटते की त्या बाळाच्या पळण्याविषयी विचारत आहेत. गुजरातीत 'धाववुं' म्हणजे अंगावर पिणे आणि 'धावण' म्हणजे आईचे दूध. पिण्या-चोखण्याचा अर्थ असलेला संस्कृत 'धे' हा धातू या शब्दांच्या मुळाशी आहे. धेनू आणि धात्री त्याच कुळातल्या. मराठीने दुसरी वाट धरली. तिच्याजवळ 'लुचणे' हा सुंदर शब्द आहे, पण घरोघर आपण म्हणतो ते 'अंगावर पिणे', आणि गाईचे, म्हशीचे, डब्यातले, असे जे जे दूध अंगावरचे नाही त्या सगळ्याला सरसकट 'वरचे दूध'. दोनच खण, आणि तिसऱ्याची सोय नाही. मुलगी पहाटे पाचला उठून, यंत्राच्या घरघरीत पंचवीस मिनिटे बसून जे ८० मिलिलिटर दूध काढी, ते आईचेच होते. परंतु बाटलीत गेल्यावर ते अंगावरचे राहिले नव्हते आणि वरचेही झाले नव्हते. भाषेने ज्याला नाव दिले नाही अशी ती वस्तू होती. माझ्या नातीजवळही तिच्यासाठी खण नव्हता.

बाटली हा आमचा पहिला पर्याय नव्हता, हे सांगायला हवे. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते की बाटली टाळता आली तर टाळा, वाटी-चमच्याने द्या. त्यांचे कारण साधे आणि भक्कम होते. वाटी चटकन धुऊन निघते. बाटलीच्या मानेत आणि बुचाच्या भोकात दुधाचा अंश राहतो, तेथे जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब होतात. भारतातल्या पुष्कळ मुलांच्या मृत्यूमागे ही एवढीशी गोष्ट होती. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरमध्ये डब्यातल्या दुधाच्या प्रसाराविरुद्ध एक भाषण केले आणि त्याला नाव दिले 'दूध आणि खून'. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायलाच मनाई केली. ज्या वस्तूची स्तुती कायद्याने निषिद्ध आहे अशी दुसरी घरगुती वस्तू मला चटकन आठवत नाही. प्रस्तुत निबंध त्या कलमाखाली येऊ नये इतपत सावधगिरी मी बाळगतो आहे.

वाटी-चमचा चार दिवस चालला. साडेचार महिन्यांच्या जिभेला अजून एक उपजत खोड असते. पुढे काही ठेवले की ती ते बाहेर लोटते, म्हणून निम्मे दूध हनुवटीवरून गळ्यात उतरे. त्यात माझ्या उजव्या हाताला गेली काही वर्षे बारीक कंप आहे. लेखणीला तो जुमानत नाही, पण भरल्या चमच्याला पुरेसा होतो. विहीणबाई नाशिकहून पंधरा दिवसांसाठी आल्या तेव्हा त्यांनी पदराआडून काढावे तसे पिशवीतून एक चांदीचे बोंडले काढले. 'यानं माझ्या तिन्ही मुलांना पाजलंय. तुम्ही त्या बाटलीच्या नादी लागू नका बघा,' त्या म्हणाल्या. बोंडले म्हणजे पसरट वाटीला काढलेली लांब चोच. तमिळनाडूत याच घाटाच्या भांड्याला पालाडै म्हणतात आणि कमी दिवसांच्या, चोखण्याची ताकद नसलेल्या बाळांसाठी आजची नवजात शिशूंची रुग्णालयेही ते वापरतात. भांडे उत्तम आहे, याविषयी मला शंका नाही. विहीणबाईंच्या हातून नात त्यातून चार-सहा घोट घेईही. पण त्या परत गेल्या की चोचेची धार सांभाळायची होती ती माझ्या हाताला, आणि जोराने रडणाऱ्या, मान फिरवणाऱ्या मुलाच्या घशात धार सोडण्याची भीती मला वाटत असे. दुधाचा थेंबन्‌थेंब मुलीच्या झोपेतून वजा होऊन आलेला होता. डॉक्टरांनी हे सारे ऐकून घेतले आणि अटींवर संमती दिली : बाटली काचेची, प्रत्येक वेळी घासून मग खळखळत्या पाण्यात दहा मिनिटे उकळलेली, बूच सर्वांत सावकाश गळणारे, आणि सहा महिने पुरे झाले की थेट पेला.

मग सुरू झाला नकार. त्याचे वर्णन करणे मला आवश्यक वाटते, कारण लोक या नकाराला हट्ट म्हणतात आणि तो शब्द येथे बसत नाही. पहिल्या दिवशी बूच ओठांना लागताच तिने तोंड उघडले. ते आत गेले, तिने एकदा ओढले, आणि तत्क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते दुःख नव्हते, रागही नव्हता. एखादा परिचित ग्रंथ उघडावा आणि आत भलत्याच पुस्तकाची पाने शिवलेली निघावीत, तेव्हा वाचकाच्या मुद्रेवर जे येते ते मी पाहिले. रडणे त्यानंतर आले, आणि आले ते पाठ कमानीसारखी ताठ करून, मुठी आवळून. दुसऱ्या दिवशी तिने बाटली दिसताच तोंड फिरवले. तिसऱ्या दिवशी मी तिला विशिष्ट पद्धतीने मांडीवर आडवे घेतले एवढ्यावरूनच ती ओळखू लागली.

दूध तेच असताना नकार कशाला होता? माझ्या पिढीच्या समीक्षकांनी आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढता येत नाहीत, हे शेकडो पानांत पटवून सांगितले आहे. मीही त्यात माझी भर घातली. व्याख्यानांत आम्ही कवितेच्या गद्य सारांशाची थट्टा करीत असू. आता माझ्या हातात एक सारांश होता, ३७ अंशांपर्यंत ऊन केलेला, आणि मूळ संहिता जिला तोंडपाठ अशी वाचक माझ्या मांडीवर होती. अंगावर पिताना बाळ प्रथम भराभर चोखते, साधारणपणे सेकंदाला दोनदा. त्यात दूध फारसे येत नाही. ती हाक असते. मग आईला पान्हा फुटतो, आणि बाळाची गती निम्म्यावर येते. चोखणे, गिळणे, श्वास घेणे अशी संथ लय लागते. मध्येच बाळ थांबते, पुन्हा हाक देते, पुन्हा ओघ येतो. बाटलीला हाक लागत नाही. पहिल्याच ओढीला दूध तोंडात येते आणि बाळ थांबले तरी ते यायचे थांबत नाही. नांदी नाही, प्रवेश नाही, यति नाही. शिवाय रबराला वास आहे, तो त्वचेचा नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच बाळ आपल्या आईच्या दुधाचा गंध परक्या बाईच्या दुधापासून वेगळा ओळखू लागते, असे मॅकफार्लेन या डॉक्टरांनी १९७५ साली दाखवून दिले. साडेचार महिन्यांत तर या विषयातला व्यासंग पुष्कळच वाढलेला असणार.

अश्वत्थाम्याची गोष्ट या दिवसांत मला वारंवार आठवे. द्रोणाच्या दारिद्र्यात वाढलेल्या त्या पोराला श्रीमंतांच्या मुलांनी पिठाचे पाणी दिले आणि ते दूध समजून तो आनंदाने नाचला. महाभारतकाराने ही कथा बापाच्या तोंडी घातली आहे आणि तिच्यातली वेदनाही बापाची आहे. मुलाला ती शिवलेली नाही, कारण खरे दूध त्याला ठाऊकच नव्हते. जिला ठाऊक आहे तिच्यापुढे अस्सल दूध ठेवूनही ते खोटे ठरत होते. आईचे दूध खोटे ठरणे हे मुलीला फार लागले. 'माझंच आहे गं ते, माझंच,' असे ती एकदा दाराआडून म्हणताना मी ऐकले. नोकरीवर रुजू व्हायला तेव्हा अकरा दिवस उरले होते.

सल्ले पुष्कळ आले. आईची वापरलेली ओढणी खांद्यावर घ्या, म्हणजे वासाने बाळ शांत होईल, हा त्यांतला सार्वत्रिक सल्ला. कित्येक घरांत तो उपयोगी पडत असेल. आमच्याकडे नातीने ओढणीत नाक खुपसले, काही क्षण शोधले, आणि मग अधिकच आकांत केला. त्या गंधाने आठवण दिली आणि वस्तू दिली नाही. उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारून पिईल, असे एक वयोवृद्ध स्नेही म्हणाले. हा सल्ला मी घेतला नाही. भुकेने व्याकूळ झालेले मूल नवे काही शिकत नाही, हे सांगायला शास्त्र लागत नाही; शिकवण्याचा धंदा केलेल्या कुणालाही ते ठाऊक असते.

एक अडचण दुधातच निघाली. फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधाला दुसऱ्या दिवशी साबणासारखा वास येई. डॉक्टरांनी सांगितले की दूध नासलेले नाही. लायपेज नावाचे विकर दुधातल्या मेदाचे विघटन करीत राहते आणि काही स्त्रियांच्या दुधात हे अधिक जाणवते. बाळाला त्याने अपाय नाही. पण नव्या भांड्यात नव्या चवीचे दूध म्हणजे एका वेळी दोन परीक्षा. म्हणून ठरले की शिकवणीपुरते नुकतेच काढलेले दूध द्यायचे, आणि शिकवणी दिवसातून एकदाच, दहा मिनिटांची. रडणे सुरू झाले की बाटली दूर, आणि मग सरळ गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा पाहायच्या. बाटली म्हणजे भांडण, असे तिच्या मनात बसता कामा नये, एवढे एक सूत्र आम्ही पाळले.

मुख्य बदल असा की त्या वेळी मुलीने घरात राहायचे नाही. दुसऱ्या खोलीतही नाही. आई चार भिंतींच्या आत असल्याचे बाळाला कसे कळते कोण जाणे, पण कळते. मुलगी दुपारी तीनला सयाजीबागेत जाऊन बसे. तेथे ती काय करीत असे, असे मी विचारले नाही. एकदा तिच्या पर्समधून बागेतल्या छोट्या रेल्वेचे तिकीट पडले.

रायगडावरच्या हिरकणीची कथा प्रत्येक मराठी मुलाला चौथीच्या आत माहीत होते. गवळण गडावर दूध विकायला गेली, कोजागरीची रात्र, दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे बाळ म्हणून ती अवघड कडा उतरून गेली. ती कथा इतिहास किती आणि लोकमानस किती, हा वाद बाजूला ठेवू. मला नेहमी वाटते की ही कथा आपण फक्त कड्याकडून ऐकली. झोपडीच्या बाजूने ती कुणी सांगितलीच नाही. ती गवळण होती. घरात दुधाचा तोटा नसणार. गडावर ती दूधच विकत होती. तरीही बाळासाठी कडा उतरावा लागला, याचा अर्थ बाळ वरचे दूध घेत नव्हते, किंवा त्याला ते पाजणारे घरात कुणी नव्हते. शौर्याच्या या कथेच्या तळाशी असा एक साधा घरगुती प्रश्न पडून आहे : आई कामाला गेली असता बाळाजवळ कोण? एस. टी. च्या स्थानकांवर स्तनपानासाठी जे 'हिरकणी कक्ष' आहेत, त्यांना हे नाव देणाऱ्याने आईची सोय पाहिली हे खरेच. माझ्या मुलीच्या शाखेत मात्र तसा कक्ष नव्हता आणि जुन्या खातेवह्यांच्या खोलीत, आतून कडी लावून, ती दुपारचे दूध काढी.

या प्रश्नाचे एक भीषण उत्तर मुंबईच्या गिरणगावाने एके काळी दिलेले आहे. १९२० च्या दशकातल्या पाहण्यांत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत, याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आई येईपर्यंत मूल झोपून राहावे, एवढाच तिचा उपयोग. त्या बायकांना दोष देण्याचा अधिकार कुणाला होता? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिकाळातील साहाय्याचे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले, आणि १९२९ साली तो कायदा झाला. माझ्या मुलीचे १९ आठवडे त्या वाटेने आलेले आहेत. दुपारी तीन वाजता बाटली घेऊन बसताना ही वंशावळ मला धीर देई, असे म्हणणे दिखाऊ होईल. पण ती मनात असे.

जुन्या परीक्षणांच्या टिपणवहीत मागच्या पानापासून मी आकडे लिहीत होतो. शून्य, शून्य, पाच, शून्य, दहा (पैकी बरेच लाळेऱ्यावर). सातव्या दिवशी एक शोध लागला, आणि तो योगायोगाने. मी तिला आईसारखे आडवे घेणे सोडून दिले होते. गुडघ्यावर बसवून, तिची पाठ माझ्या छातीला टेकवून, तोंड रस्त्याकडे ठेवून मी बसलो होतो. असे धरले की मी आईची नक्कल करीत नव्हतो. बूच ऊन पाण्यात बुडवून काढलेले, बाटली जवळजवळ आडवी, म्हणजे दूध धो-धो येऊ नये. बूच तोंडात न घालता वरच्या ओठाला टेकवून धरले. ती नुकतीच झोपेतून उठली होती, पुरती जागी नव्हती. तिने स्वतः पुढे होऊन ते घेतले, चावले, फिरवले, सोडले, पुन्हा घेतले. मी मोरोपंतांच्या आर्या म्हणत होतो. निवृत्तीनंतर पाठांतर शाबूत आहे का हे पाहण्याची मला सवय आहे. मध्येच चोखण्याचा आवाज आला. चार घोट, विराम. विराम आला की मी बाटली खाली झुकवी, म्हणजे दूधही थांबे. मग तिने पुन्हा ओढले की पुन्हा वर. हाक आणि साद यांचे काहीतरी ओबडधोबड रूपांतर तेथे होत होते. वहीत त्या दिवशी ३० असा आकडा आहे.

१९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन दिवसांहून कमी वयाच्या बाळांच्या तोंडात कोरे बूच दिले होते, आणि चोखण्याच्या विशिष्ट लयीवर त्यांना कधी स्वतःच्या आईचा, कधी परक्या बाईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येई. बाळांनी आपली लय बदलून आईचा आवाज मागून घेतला. म्हणजे तोंड आणि कान यांचे नाते जन्मतःच आहे. आर्येच्या १२ आणि १८ मात्रांशी माझ्या नातीचे घोट जुळत होते, असे लिहिण्याचा मोह मला होतो. तसे म्हणायला पुरावा नाही. परंतु आर्या थांबल्या की ती बाटली सोडून मान वर करून माझ्याकडे पाही, हे मात्र रोज घडले, आणि परिणामी कितीतरी आर्या मला या वयात पुन्हा पाठ कराव्या लागल्या.

त्या सायंकाळी मुलगी बागेतून आली. मी तिला आकडा सांगितला. 'तीस? खरंच?' तिने विचारले, बाटली उजेडात धरून पाहिली. मग नातीला घेऊन ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. रात्री जेवताना म्हणाली, 'बाबा, ती पीत नव्हती तेव्हा मी रडत होते. आज प्यायली तरी मला रडूच आलं.' मी तिच्या ताटात भाजी वाढली. तिची आई असती तर काही बोलली असती. मला त्या क्षणी जे सुचले ते सगळे पुस्तकी होते आणि ते मी बोललो नाही.

नातीने बाटली स्वीकारली, या विधानाला मर्यादा आहेत. माझ्याकडून स्वीकारली, गॅलरीत स्वीकारली, आर्यांसह स्वीकारली. मुलीच्या हातात बाटली दिसताच ती आजही हसून तोंड फिरवते आणि पदराकडे झेपावते. त्या व्यवहाराचे नियम तिने पूर्वीच ठरवून टाकले आहेत आणि त्यांत फेरफार होणार नाही. दोन्हींची सरमिसळ तिने एकदाही केली नाही. बँक सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी नऊ तासांत तिने सगळे मिळून ९० मिलिलिटर घेतले, आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लघवीची दुपटी मोजायला सांगितली. ती पुरेशी होती. अशी कितीतरी बाळे दिवसा जेमतेम घेतात आणि रात्री आईजवळ त्याची भरपाई करतात, असे ते म्हणाले. तसेच झाले. रात्री अकरा, दोन, चार. मुलीचे डोळे खोल गेले. कर्ज-प्रकरणांच्या फायलींवर ती पेंगत असे, असे तिने हसत सांगितले. त्यातले किती हसण्यासारखे होते ते तीच जाणे.

सहा महिने भरले, उष्टावण झाले, आणि डॉक्टरांना दिलेल्या शब्दाप्रमाणे स्टीलचा लहानसा पेला आला. आता ती दोन्ही हातांनी तो धरते आणि अर्धे अंगावर सांडते, म्हणजे शब्दशः अंगावर पिते. विहीणबाईंचे बोंडलेही वाया गेले नाही. तापात औषध द्यायला त्याच्यासारखे दुसरे भांडे नाही, आणि झोपलेल्या ओठांच्या कडेला त्याची चोच टेकवण्याइतका माझा हात आता सरावला आहे. बाटली दुपारच्या एका वेळेपुरती उरली आहे.

ती वेळ मुलगी परतण्याच्या सुमाराला येते. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज झाला की बाटलीत कितीही दूध असो, नातीचे ओठ मिटतात आणि मान दाराकडे वळते. तोंड लागलेले दूध दोन तासांच्या पुढे ठेवता येत नाही. मुलगी हात धुऊन येते, तिला घेते, आणि खुर्चीत टेकता टेकता विचारते, 'किती राहिलं, बाबा?' मी वहीत आकडा लिहितो आणि उरलेले गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओततो.